थोरलीची विहीर

माजलगावच्या धरणात जी गावं गेली, त्यांतलं एक वर माळावर नव्याने वसलं. सरळ रेषेतले प्लॉट, काटकोनातल्या गल्ल्या, मधोमध ग्रामपंचायतीचं सभागृह. त्या सभागृहाच्या आतल्या लांब भिंतीवर जुन्या गावाचा नकाशा काढायचा, असं तिथल्या सरपंचबाईंनी ठरवलं आणि मला फोन केला.

मी बीडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. माझं स्वतःचं काम बायकांच्या आत्मकथनांवर आहे, म्हणजे लिहिलेल्या नव्हे, सांगितलेल्या. नेकनूरकडच्या खेड्यांतून हिंडायचं, बायका स्वतःबद्दल काय सांगतात ते रेकॉर्ड करायचं, उतरवून काढायचं, त्यांना वाचून दाखवायचं, आणि त्या हो म्हणाल्या तरच ते चार लोकांसमोर मांडायचं. कधी शाळेत छोटं प्रदर्शन, कधी बाजाराच्या दिवशी मंडपात जाहीर वाचन. अशाच एका वाचनाला या सरपंचबाई मागच्या रांगेत येऊन बसल्या होत्या.

त्यांची जागा महिला राखीव होती. कारभार नवराच बघतो असं तालुक्यात सगळे धरून चालत, आणि ते बरंचसं खरंही होतं. पण नकाशाची कल्पना बाईंची स्वतःची होती. त्या चाळिशीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा जुनं गाव पाण्याखाली जाऊन कैक वर्षं झाली होती.

"मॅडम, आमच्या घरातली समदी भांडणं पाण्याखालच्या गावातली हायेत," त्या म्हणाल्या. "कोण कुठं ऱ्हात व्हतं, कुणाचा बांध कुठं व्हता, मला काय कळतच न्हाई. एकदा डोळ्यानं बघू द्या."

पुरुषांचा नकाशा एका सकाळीच झाला. महादेवाचं देऊळ, चावडी, दर्गा, शाळा, मोठ्या घरांचे वाडे, वेस. सगळे एकमताने बोलले, चहा प्यायले, उठले. बायका दुपारनंतर आल्या, शेतातली कामं उरकून. त्यांनी खुर्च्या भिंतीला सरकवल्या, फरशीवर खडूने नदी काढली आणि नदीपासून गाव वर यायला लागलं. धुण्याचे खडक आले. पहाटे बाहेर जायची बाभळींची रांग आली, तेव्हा हसण्याने सभागृह दणाणलं. खालच्या आळीच्या दोघींनी काही न बोलता आपला वेगळा पाणवठा काढला, तेव्हा हसणं थांबलं आणि वरच्या आळीच्या एक-दोन बायका पदराशी चाळा करत बसल्या.

मग काकू पुढे सरकल्या. सगळं गाव त्यांना काकूच म्हणतं. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी अधू, पण आवाज खणखणीत. त्यांनी मळ्याच्या बाजूला एक वाटोळं काढलं आणि म्हणाल्या, "ही थोरलीची विहीर."

सरपंचबाई तेव्हा कप भरत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कोण थोरली?" एका तरण्या सुनेने विचारलं.

"हिच्या सासऱ्याची पहिली," काकूंनी सरपंचबाईंकडे हनुवटीने दाखवलं. "मी नि ती एकाच साली नांदायला आलो. घराला घर लागून व्हतं. सकाळच्या पारी पाण्याला गेली ती गेलीच. पाय घसरला म्हणले. पर दोर घरात खुंटीला व्हता. मी माझ्या डोळ्यानं बघितला. दोर न घेता पाणी शेंदायला कोण जातंय?"

रेकॉर्डर मध्येच, सतरंजीवर चालू होता. सगळ्यांना तो दिसत होता. मी काकूंना विचारलं, हे ठेवायचं का? त्या म्हणाल्या, "ठेवा. आमी बायका तिला थोरलीचीच विहीर म्हणत आलो. नकाशा आमचा हाय ना? मग आमचंच नाव टाका."

सरपंचबाईंनी कप गोळा केले. नको म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत.

एक-दोन दिवसांनी त्यांच्या यजमानांचा फोन आला. जरा घरी येऊन जा, म्हणाले. आवाज गोड होता. आमच्याकडे मोठ्या घरातून असं बोलावणं येतं तेव्हा चहा मिळतोच, आणि चहाबरोबर काय मिळेल ते सांगता येत नाही.

ते पुढच्या खोलीत बसले होते. पंचेचाळिशीचे असतील. माजलगावच्या मोंढ्यात आडत, दोन ट्रॅक्टर, पुढे पंचायत समितीवर जायची इच्छा. अंगणात बाजेवर त्यांचे वडील बसलेले दिसत होते. ऐंशीला टेकलेले, पांढरं धोतर, हातात काठी. काकूंनी सांगितलेल्या गोष्टीतला नवरा तो हा माणूस, आणि तो माझ्यापासून दहा पावलांवर ऊन खात होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"मॅडम, तुमी शिकलेल्या. इलेक्शन तोंडावर हाय हे तुमाला सांगायला नको," ते म्हणाले. "विहीर काढा. आमी कुठं न्हाई म्हणतो? नुसतं विहीर लिवा. नाव कावून पायजे?"

"नाव मी दिलेलं नाही," मी म्हणाले. "बायकांनी सांगितलं."

"कुण्या बायकांनी?"

काकूंचं नाव माझ्या तोंडून जाणार नव्हतं, पण न सांगण्यानेही ते कळेल की काय, असं वाटत होतं. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या सरपंचबाई म्हणाल्या, "समद्याच बोलल्या."

ते बायकोकडे वळले. "तू व्हतीस तिथं?"

"व्हते."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

त्यांनी माझ्या हातातली रिकामी बशी घेतली आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला नाही. त्या दाराआडच उभ्या असणार.

मी म्हणाले, ज्यांचं कथन आहे त्यांना विचारून सांगते. ते म्हणाले, "इचारा. पर सबुरीनं घ्या. गावात लोकांला गावातच ऱ्हायाचं असतं."

या वाक्याचा अर्थ मला परतीच्या वाटेवर कळायला लागला आणि पुढच्या आठवड्यात पुरता कळला. काकूंचा मुलगा याच घरचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याला, सध्या काम नाही, असं सांगून घरी बसवलं. कुणी कुणाला धमकावलं नव्हतं, काही म्हटलंही नव्हतं.

मी काकूंकडे गेले तेव्हा त्या ओट्यावर तूर निवडत होत्या. मुलगा आत झोपला होता, भर दुपारी. काकू हळू आवाजात बोलल्या. त्यांना तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"आता काय करू सांगा. खोडा म्हणलं तर मी खोटी ठरते. ऱ्हाऊ द्या म्हणलं तर पोरगं घरी बसलं."

"तुम्ही म्हणाल तसं करू," मी म्हणाले. "खोडायचं असेल तर आजच कागदावरून खोडते. त्यात तुमचा काही कमीपणा नाही."

त्यांनी सुपातली तूर दोनदा पाखडली. मग म्हणाल्या, "तुमी तुमचं ते मशीन आणलंय का? मग त्यातनं मला माझं ऐकवा."

मी त्यांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. दोर घरात खुंटीला व्हता, इथपर्यंत आल्यावर त्यांनी हाताने थांबवलं. "हे खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर थोडं थांबा. लगीच कायबी करू नका."

म्हणून आम्ही थांबलो. माजलगावहून आलेला पेंटर, जो एरवी दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती रंगवायचा, त्याने सगळा नकाशा भिंतीवर उतरवला होता. फक्त मळ्याचा कोपरा मी त्याला सोडायला सांगितला. हिरव्या शेतात हातभर जागा पांढरीच राहिली. लोक संध्याकाळी येऊन आपलं जुनं घर शोधायचे, बोट ठेवायचे, पोरांना दाखवायचे, आणि मग हमखास विचारायचे, हे इथलं का राहिलं? ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना दुसऱ्यांनी सांगितलं. पन्नास वर्षांत जेवढं बोललं गेलं नसेल तेवढं त्या विहिरीबद्दल त्या पंधरवड्यात बोललं गेलं. मला झोप लागेनाशी झाली. एकदा फोनवर कुणीतरी नाव न सांगता म्हणालं, "मॅडम, तुमी बीडातच बऱ्या."

शेवटी सरपंचबाईंनीच बैठक बोलावली. विषय एकच होता, नकाशा पुरा करायचा की नाही.

सभागृह भरलं. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. टेबलामागे सरपंचबाई आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, नेहमीप्रमाणे, त्यांचे यजमान. काकू पहिल्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या, मुलगा दारात उभा होता. यजमानांनीच सुरुवात केली. गावाचा मान, घराण्याचा मान, बाहेरून येऊन गावात भांडणं लावणारी माणसं. माझं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "कुणाला काय म्हायती असंल त्यानं समोर उठून सांगावं. मागनं नको."

काकू उठायला लागल्या. गुडघ्यांनी त्यांना पटकन उठता येईना. शेजारणीचा खांदा धरून त्या अर्ध्या उठल्या होत्या तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली आणि एक म्हातारी बाई आत आली. डोक्यावरून पदर, उंच, वाकलेली नाही. लोक आधी तिच्याकडे, मग सरपंचबाईंच्या यजमानांकडे बघायला लागले. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ती कोण ते मला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. सरपंचबाईंच्या सासूबाई. थोरली गेल्यावर काही महिन्यांत त्या घरात आलेली दुसरी बायको. त्या देवळाशिवाय कुठेही जात नसत, सभागृहात तर बांधल्यापासून त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

यजमान उठून उभे राहिले. "माय, तू कशाला आलीस?"

त्या त्याच्याकडे न बघता भिंतीजवळ गेल्या. पांढऱ्या जागेपाशी थांबल्या. मग गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात हात घालून त्यांनी एक चांदीचा छोटा पत्रा बाहेर काढला. आमच्याकडे दुसरेपणावर दिलेली बाई पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालते. त्यावर बाईची आकृती असते. पहिलीने त्रास देऊ नये म्हणून तो घालायचा असं म्हणतात.

"ही माझ्या गळ्यात हाय, लगीन झाल्यापास्नं," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "सणासुदीचा पयला घास हिचा. अविधवा नवमीला पान हिचं. हिला घालून मंग मी जेवते. आन् तुमी म्हणता नाव लिवू नका?"

"माय, घरी चल."

"ती कशी गेली मला म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या. "मी नंतर आले. इचारायची सोय न्हवती. त्या विहिरीचं पाणी मी एक दिवस शेंदलं न्हाई, एवढंच मला म्हाईत हाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पर थोरली कावून लिवता? थोरली तर मी आले म्हणून झाली. तिला नाव व्हतं."

आणि त्यांनी ते नाव सांगितलं. इथे मी ते लिहीत नाही, तो त्या गावाचा आणि त्या बाईच्या माणसांचा अधिकार आहे. पण त्या क्षणी मला धक्का बसला, कारण तोवर मी काकूंना, बाकीच्यांनाही, तिचं नाव विचारलं होतं. काकूंनाही आठवलं नव्हतं. सगळ्या थोरलीच म्हणायच्या. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

सरपंचबाई उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे न बघता त्या दारातल्या पेंटरला म्हणाल्या, "आत्याबाई सांगतेत ते लिवा. आत्ताच. समद्यांसमोर."

यजमान खुर्ची मागे सारून निघून गेले. त्यांच्यामागे पाच-सहा माणसं गेली. बाकीची बसून राहिली. पेंटरने वाटोळं काढलं, निळं भरलं आणि खाली नाव लिहिलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी सुनेला विचारलं, "तेच लिवलंय ना?" सून म्हणाली, "तेच."

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. सरपंचबाईंशी त्यांचे यजमान कित्येक महिने कामापुरतंच बोलत. काकूंच्या मुलाला तो ट्रॅक्टर परत मिळाला नाही. पुढे तो एका साखर कारखान्याकडे ऊस वाहणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या गाडीवर लागला. सासूबाईंना घरात कुणी काही बोललं नाही, बोलायची कुणाची छाती नव्हती.

भिंतीचे फोटो मात्र फिरले. कुणाच्या तरी मोबाईलवरून आष्टीकडे, थोरलीच्या माहेरी पोचले आणि उन्हाळ्यात एक दिवस सरपंचबाईंचा घाईघाईत फोन आला. "मॅडम, तिचा भाऊ येतोय. माहेरची माणसं. मला काय सुचंना. तुमी या."

मी पोचले तेव्हा तो सभागृहात होता. थोरलीचा धाकटा भाऊ, आता सत्तरीला आलेला, किडकिडीत, डोक्याला मुंडासं. सोबत त्याची सून. तिने त्याला नाव वाचून दाखवलं होतं आणि तो भिंतीसमोर उभा होता, हात मागे बांधून. दारात गर्दी होती. सगळ्यांना वाटत होतं, आता काहीतरी होणार.

"मेव्हण्याकडं न्या," तो म्हणाला.

अंगणात म्हातारा बाजेवर होता. त्याने ओळखलं की नाही कळलं नाही. भाऊ समोर जमिनीवर बसला, सतरंजी दिली ती त्याने घेतली नाही. सरपंचबाईंनी पाण्याचा तांब्या ठेवला. तो तसाच राहिला. यजमान खांबाला टेकून उभे होते, मुठी वळलेल्या. मी मध्ये कुठेतरी उभी होते.

"आमाला निरोप आला तापानं गेली म्हणून," भाऊ म्हणाला. "आमी आलो तवर समदं उरकलं व्हतं. माझी आई मरेस्तवर म्हणायची, तिला तापात दवाखान्यात कावून न्हेलं न्हाई. आता खरं काय ते सांगा."

म्हातारा कितीतरी वेळ काठीची मूठ चोळत राहिला.

"पाण्याला गेलती," तो म्हणाला.

"दोर घरीच व्हता म्हणतेत."

"आदल्या दिवशी घरात भांडण झालतं."

"कशावरनं?"

म्हाताऱ्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की वयाने आलेला ओलावा, मला सांगता येणार नाही. "आता ध्यानात न्हाई," तो म्हणाला.

भाऊ उठला. यजमान एक पाऊल पुढे आले आणि थांबले. भाऊ त्यांच्या बाजूने सरळ दारापर्यंत गेला. तिथे सासूबाई उभ्या होत्या. त्याने त्यांना हात जोडले, त्यांनीही जोडले. मग तो निघाला आणि मी त्याच्यामागे निघाले, कारण त्याला असं एकट्याने जाऊ देणं मला जमेना.

माजलगावच्या स्टँडवर आम्ही बसची वाट पाहत बसलो. सून पाण्याची बाटली आणायला गेली. तो म्हणाला, "तुमी बायकांचं लिवता म्हणं?"

"हो."

"मंग हे लिवा. आमच्याकडं शेरडं व्हती. बहीण ती डोंगराच्या अंगाला न्हायची. मी ल्हान, मी मागं मागं. कुठं पांगली की दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची, पार पल्याडच्या शिवारात जायची. शेरडं यायची तशी मीबी यायचो. आईला आवडायचं न्हाई. बाप्याच्या जातीनं शिट्टी मारावी, म्हणायची. लगीन ठरलं तवा आईनं शपथ घातली, सासरी शिट्टी मारायची न्हाई."

तो हसला. मग चेहरा मुंडाशाच्या टोकाने पुसला. तेवढ्यात सून आली, बस लागली आणि दोघं गर्दीतून चढून गेले.

मी ते घरी येऊन उतरवून काढलं आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सुनेच्या मोबाईलवर फोन करून त्याला वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "समदं बराबर हाय. फक्त ते दोन बोटाचं बदला. चार बोटं घालायची ती. दोन्ही हाताची दोन-दोन."

मी बदललं.